मास्तरांनी मागितलेली गत

विद्याधर पार्सल ऑफिसात कारकून होता, आणि जात्याच घाबरट. साहेबाला घाबरायचा, आईला घाबरायचा, चारचौघांत व्हायोलिन हाती घेतलं की आपल्याच हाताला घाबरायचा. तरी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या बँडमध्ये त्याला जागा मिळाली, ती रोझारियो मास्तरांमुळे. गोव्याहून झाशीला आलेल्या या बँडमास्तरांनी खंडेराव गेट मोहल्ल्यातल्या मराठी पोराला पोटच्या पोरासारखं शिकवलं.

मास्तरांची छाती बिघडली, तेव्हा त्यांनी एकच मागितलं.

"विद्याधर, मेरी मिट्टी के बखत वो नाचवाला वॉल्ट्झ मत बजाना. कुछ ऐसा ढूँढ जिसमें रोना हो. पुराना, दो सौ बरस पुराना."

त्या जुन्या युरोपी संगीताला आता बरोक म्हणतात. झाशीत तेव्हा त्याला ना नाव होतं, ना गिऱ्हाईक.

विद्याधर मुंबई मेलच्या गार्डांना गळ घालू लागला: जुन्या बाजारात व्हायोलिनचे छापील कागद दिसले की आणा. गार्ड बिचारे आणायचे, पण त्यांना त्यातलं काय कळणार? कधी लग्नाच्या वरातीची धून निघायची, कधी वाळवीनं अर्धं खाल्लेलं प्रार्थनागीत. हाती लागेल ते तो मास्तरांच्या खाटेशी वाजवायचा. मास्तर डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे.

"नाचता है. रोता नहीं."

मग एका गार्डानं इटालियन रचनांचं फाटकं पुस्तक आणलं. त्यातली एक संथ गत पाहून विद्याधरचं तोंड पडलं. पानभर लांब लांब सूर, तेही मोजके, मधली जागा मोकळी. छापणाऱ्यानं अर्धंच छापलं असावं असं त्याला वाटलं. मास्तरांनी मात्र ते पान छातीशी धरलं.

"यही है! लिखनेवाले ने जगह छोड़ी है, बेटा. बीच का बजानेवाला भरता है. तुम्हारे गवैये नहीं भरते क्या?"

विद्याधरनं वाजवलं. सूर बरोबर होते आणि सगळं ठणठणीत कोरडं. मधे काही भरायला गेला की गज थरथरायचा. मास्तर रागावले नाहीत. "भरेगा," म्हणाले. "मेरे लिए बजाएगा न?"

विद्याधरनं त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला.

मास्तर गेले ते नेमके त्याच्या घरी सुतक असताना. गरौठ्याचे चुलते नानासाहेब नुकतेच वारले होते, आणि सुतकात वाद्याला हात लावायचा नाही ही घरची रीत. मास्तरांची बातमी ऐकून विद्याधर ढसाढसा रडला. पण रडता रडता, आता चारचौघांत वाजवायला नको म्हणून, आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

त्याची आई कुसुमावती सोवळ्याओवळ्यात देवाचंही ऐकणारी नव्हती. तीच म्हणाली, "अरे, व्हायोलिनची पेटी घे की बरोबर."

"आई, सुतक आहे."

"ते तू मला शिकवतोस? माझ्या देवघरापाशी वाजवू नकोस म्हणजे झालं. गुरूला दिलेला शब्द आहे तो. जा. दोष लागला तर मला लागू दे."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. विद्याधर पेटी घेऊन निघाला. वाटेत पार्सल ऑफिसात शिरला, पेटी काउंटरखाली सरकवली आणि रिकाम्या हातांनी कबरस्तानात गेला.

सगळं इन्स्टिट्यूट जमलं होतं. पाद्र्यांची प्रार्थना संपली आणि मास्तरांच्या बहिणीनं त्याच्याकडे पाहिलं.

"विद्याधर भैया, वो वाला?"

"हमारे यहाँ सूतक है, दीदी. बाजे को हाथ नहीं लगाते."

"हाँ, हाँ, धरम तो निभाना ही पड़ता है," ती घाईनं म्हणाली, आणि वर तिनंच त्याचा हात दाबला. कुणी त्याला बोल लावला नाही. दोरांवरून मास्तर खाली उतरले तेव्हा पलीकडच्या यार्डात डब्यांवर डबे आदळत होते.

परतताना त्यानं पेटी घेतली. आईनं विचारलं, "वाजवलंस?"

"हो."

सुतक फिटल्यावर एका दुपारी त्यानं ते पान समोर ठेवलं आणि गज टेकवला. मधल्या मोकळ्या जागा एकेक करून भरू लागल्या. गज थरथरत होताच, पण आता ती थरथरही त्या रचनेचाच भाग वाटत होती. मास्तरांना हवं होतं ते अखेर आलं होतं. ते कशातून आलं हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि ऐकायला मास्तर नव्हते.

कुसुमावती स्वयंपाकघरातून येऊन दाराशी टेकली. गत संपेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग पदरानं डोळे पुसले.

"हेच वाजवलंस ना त्यांच्यापाशी? बरं झालं हो बाबा. तृप्त होऊन गेले असतील."