आमचे घरमालक आणि परदेशी मागूर

जागतिकीकरण भारतात नेमकं कोणत्या दारानं शिरलं, याबद्दल जाणत्या माणसांत वाद असतील. चामोर्शीत मात्र ते सगळ्यांत आधी आमच्या घरमालकांच्या ओसरीवर उतरलं आणि त्यांनी त्याला पाटावर बसवून चहा पाजला, याबद्दल गावात दुमत नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बँकेतल्या बदलीमुळे मी वर्ध्याहून चामोर्शीला आलो आणि दोन खोल्या शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. शेती खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले, उंच, सडपातळ, अंगात बंडी आणि बंडीच्या खिशात भिंग. भाडं किती, नळाला पाणी कधी येतं, यातलं काही न बोलता त्यांनी विचारलं, "काऊन हो साहेब, तुमच्या बँकेत कराराबद्दल काय बोलून राह्यले लोक?" मला वाटलं, भाडेकरार. मी म्हटलं, "अकरा महिन्यांचा करू." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तो नाई हो. जगाचा."

मग मला कळलं की सर्व देशांनी मिळून व्यापाराचा जो करार केला होता, त्याची काळजी वाहण्याचं काम चामोर्शी तालुक्यापुरतं काकाजींनी आपल्याकडे घेतलं आहे. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणे, मीही म्हणू लागलो. नागपूरचं वर्तमानपत्र दुपारच्या बसनं यायचं. काकाजी स्टँडवर जाऊन ते उतरवून घेत, वाटेतच वाचून संपवत आणि संध्याकाळी ओसरीवर बसलेल्यांना समजावून सांगत. सुरुवात ठरलेली असे. "आता जग म्हणजे एक गाव झालं." एकदा राइस मिलचा मुकादम तंबाखू मळता मळता म्हणाला, "मंग त्या गावचा पाटील कोण, काकाजी?" काकाजींनी भिंग काढून धोतराला पुसलं. "पाटील नाई. पंच आहेत." आणि भिंग खिशात ठेवत, "पण पंच आपल्या मोहल्ल्यातले नाईत." कराराबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली तक्रार. पुढे बरीच वर्षं दुसरी ऐकू आली नाही.

कारण बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा जीव होता. किराणा दुकानात ते भिंग घेऊन जात आणि पाकिटांवरची बारीक अक्षरं खणखणीत आवाजात वाचत. मलेशियाच्या पाम तेलाची पिशवी त्यांनी अशी हातात धरली होती, जशी बाळंतपणाला आलेल्या लेकीचं बाळ धरावं. "इतक्या दुरून आलं. त्याले नाई कसं म्हणायचं?" मागे गिऱ्हाइकांची रांग लागे आणि दुकानदार बिचारा कपाळाला हात लावून बसे. पुढे सुटं तेल विकायला बंदी आली, तेव्हा गावातला घाणेवाला त्यांच्याकडे विचारायला आला. घाण्यावरचं जवसाचं तेल सगळा मोहल्ला खायचा, त्यानं आता करावं काय? काकाजींनी त्याला बंदीची बातमी दोनदा वाचून दाखवली आणि स्वच्छतेचे फायदे सांगून, पाणी पाजून परत पाठवला. त्या आठवड्यात काकूंनी अंबाडीची भाजी पिशवीतल्या तेलात केली. काकाजींनी एक घास घेतला, दुसरा घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "भाजी आजारी आहे का?" काकूंनी तेलाच्या पिशवीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून काकाजी स्वतःच धोतराच्या सोग्याखाली बाटली लपवून मागच्या गल्लीनं घाण्यावर जाऊ लागले. वाटेत कोणी भेटलं तर म्हणत, "औषधाले नेऊन राह्यलो."

बाहेरचं इकडे येतं, तर इकडचंही बाहेर गेलं पाहिजे, हा त्यांचा न्याय होता. जंगलातली चारोळी, मोहाची फुलं, हिरडा, बांबूचे कोवळे कोंब, जे दिसेल त्याला ते म्हणत, "याले बाहेर मोठी मागणी आहे." मागणी कोणी केली, हे कधी कळलं नाही. एकदा नागपुरात निर्यातीबद्दल काही मेळावा होता. काकाजींनी काकूंकडून सुक्या झिंग्यांची चटणी करवून घेतली, डब्यात भरली आणि नमुना म्हणून एसटीनं निघाले. मूल गावापर्यंत कोणी बोललं नाही. मूलच्या पुढे खिडक्या उघडल्या गेल्या. कंडक्टर सरळ त्यांच्यापाशी येऊन उभा राहिला. "बाबूजी, डब्यात काय मरून पडलं?" काकाजींनी शांतपणे सांगितलं, "निर्यात आहे." कंडक्टरनं निर्यातीसकट त्यांना पुढच्या थांब्यावर उतरवलं. तिथल्या चहाच्या टपरीवर त्यांनी ती चटणी लोकांना वाटली, सर्वांनी भाकरीबरोबर आवडीनं खाल्ली आणि काकाजी संध्याकाळी प्रसन्न मुद्रेनं घरी आले. "मागणी आहे," एवढंच म्हणाले.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग ते मासे आले.

गावाच्या कडेला काकाजींचं धानाचं शेत होतं आणि शेताच्या वरच्या अंगाला बोडी, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारं लहानसं तळं. तिकडच्या झाडीपट्टीत धानाला शेवटचं पाणी अशा बोडीतून मिळतं. एका उन्हाळ्यात कोणी एक व्यापारी गोंडपिपरीकडून फिरत फिरत आला. त्याच्याजवळ प्लास्टिकच्या पिशव्यांत माशांची पिल्लं होती. जात मागुराची, पण आपली नव्हे. मूळ आफ्रिकेची, आणि कुठले कुठले देश फिरत इथवर पोचलेली. झपाट्यानं वाढते, काहीही खाते, कसल्याही पाण्यात जगते. इतका प्रवास करून आलेल्या माशाला काकाजी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. त्यांनी बोडीत थोडं पाणी भरून घेतलं आणि स्वतःच्या हातानं पिल्लं सोडली. आम्हाला पेढे मिळाले.

मासा खरोखर वाढला. शिळा भात खाल्ला, कोंडा खाल्ला, कोंबडीवाल्याच्या दुकानातली आतडी खाल्ली, आणि काकूंचं म्हणणं होतं की बोडीवर पाणी प्यायला येणारं बदकाचं पिल्लूही त्यानंच खाल्लं. दिवाळीनंतर पहिला मासा काढला तो लाकडाच्या ओंडक्यासारखा होता. सगळ्या मोहल्ल्याला जेवण होतं. पहिला घास घेतल्यावर पंगतीतले हात थांबले. चिखलात रबर शिजवावं तशी चव. मुकादम सभ्यपणे म्हणाला, "भात चांगला झाला." काकाजी म्हणाले, "चव सवयीची असते. जगाले सवय झाली, आपल्याले होईन."

ती व्हायच्या आधीच पुढचा पावसाळा आला. रात्रभर कोसळला आणि बोडी तुडुंब भरून वाहिली. हा मासा ओल्या जमिनीवरून सरपटत जातो, हे त्या व्यापाऱ्यानं सांगितलं नव्हतं. बोडीच्या खाली नाला, नाल्याच्या खाली गावाचा मोठा तलाव. त्या तलावावर ढिवरांची सारी घरं जगत. त्यांच्या मच्छीमार सोसायटीत तुळसाबाई म्हणून काकाजींच्याच वयाची एक बाई होती, आवाज असा की तलावाच्या या काठच्या पाळीवरून बोलली तर त्या पाळीवरचा माणूस उत्तर देई. पोळ्याच्या आसपास एका सकाळी ती डोक्यावर टोपली घेऊन ओसरीपुढे आली. टोपलीत एक भला मोठा मागूर मिशा हलवत होता.

"भाऊ, हा तुमचाच ना?"

काकाजी आनंदानं उठले. "कुठी सापडला?"

"आमच्या जाळ्यात. पोट फाडलेला दुसरा आहे तोही पाहा." तिनं टोपलीतलं पान बाजूला केलं. फाडलेल्या माशाच्या पोटात मरळीची पिल्लं होती, झिंगे होते आणि एक अख्खा देशी मागूर. "आमच्या नवऱ्यांनी, सासऱ्यांनी सांभाळलेला तलाव आहे हा. आता जाळं टाकलं का यायले काढून राह्यलो आम्ही. हा कोणी घेत नाई, भाऊ. खाऊन खाऊन आम्हीच किती खाव?"

काकाजी काही तरी म्हणू लागले, बाहेर याला मोठी मागणी आहे, असं. वाक्य अर्ध्यावर सुटलं. तुळसाबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती टोपली तिथंच ठेवून पायरीवर बसली आणि काकूंनी दिलेला चहा पिऊन गेली. त्या दिवशी काकाजी वर्तमानपत्र आणायला स्टँडवर गेले नाहीत.

आणि नेमकी त्यानंतर बातमी आली की सरकारनं या माशावर बंदी घातली आहे, असेल तिथं तो नष्ट करावा. काकाजींना सरकारचा केवढा आधार वाटला. ते कातरण घेऊन गडचिरोलीला निघाले. एका कार्यालयात सांगितलं की आदेश अजून आलेला नाही. दुसऱ्या कार्यालयात आदेश आला होता, पण नष्ट कोणी करायचा ते त्यात नव्हतं. तिसऱ्यात एका तरुण अधिकाऱ्यानं आपुलकीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकाजी, तुमच्याकडे याची पिल्लं मिळतील का? माझ्या सासऱ्यांचं शेततळं आहे." काकाजी परत आले ते ओसरीवर बसलेच नाहीत, सरळ शेताकडे गेले. मी मागोमाग गेलो.

धान निसवायला, लोंब्या धरायला आलं होतं. त्या वेळी बोडीतलं पाणी म्हणजे शेतकऱ्याचा जीव. काकाजी पाळीवर उभे राहून पाण्याकडे पाहत होते. खाली अजून मासे होतेच, मधूनच एखादी काळी पाठ वर येई.

"साहेब, परतीच्या पावसाची एक सर आली का हे उरलेलेबी तलावात जातीन," ते म्हणाले. "बोडी फोडा लागते."

"आणि धान?"

"धान माहं आहे. तलाव माहा नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुळसाबाईला बोलावलं. सगळा ढिवर मोहल्ला जाळी घेऊन आला. पाळ फोडली त्या तोंडाशी जाळं धरलं, पाणी नाल्याला धो धो निघून गेलं, आणि माणसं गुडघाभर चिखलात उतरून हातानं मागूर उपसू लागली. काकाजीही उतरले. एक मासा त्यांच्या बंडीत शिरला आणि दुसऱ्यानं त्यांना सरळ आडवंच केलं, तेव्हा बाया हसून हसून बांधावर बसल्या. काकाजी चिखलातूनच म्हणाले, "हसा, हसा. पाह्यजे तेवढं हसा." त्या वर्षी त्यांचं धान पोचट निघालं. घरी खायला तांदूळ चामोर्शीच्या बाजारातून विकत आणावा लागला, आणि त्यांनी तो आणताना भिंग काढलं नाही.

तलावात गेलेले मासे मात्र तलावातच होते. काकाजींनी त्यावर स्वतःचा उपाय काढला. जन्मात कधी गळ न धरलेला माणूस रोज पहाटे कोंबडीची आतडी घेऊन तलावाच्या पाळीवर बसू लागला. सापडेल तो परदेशी मागूर घरी आणायचा. काकूंनी तो चुलीवर चढवायला साफ नकार दिला, म्हणून काकाजी अंगणात स्टोव्ह मांडून स्वतः रांधत आणि वाटीभर रस्सा माझ्या दारात ठेवत. नष्ट करण्याची ही पद्धत सरकारी आदेशात बसते का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "पोटात गेला म्हणजे नष्टच झाला. खा." बदली होईपर्यंत जागतिकीकरणाचा माझ्या वाट्याचा भाग मी असा रोज वाटीनं खाल्ला. ओसरीवरच्या सभा चालू होत्या, पण आता बातमी वाचून झाली की काकाजी खाली मान घालून विचारत, "हे आपल्या इथी आलं का मंग काय काय खाईन?" आणि ते तांदळाच्या नव्या बियाण्याबद्दल असो की डब्यातल्या दुधाबद्दल, उत्तर येईपर्यंत थांबत.

मी वर्ध्याला परतलो. काही वर्षांनी, एका कडक उन्हाळ्यानंतर, काकूंचा निरोप आला म्हणून जाऊन आलो. त्या उन्हाळ्यात तलाव आटला होता. सोसायटीनं तळाचा गाळ उकरून उरलेसुरले मागूर काढले होते, आणि आता पाणी भरल्यावर जंगलातल्या एका आडबाजूच्या तलावातून मरळीची आणि देशी मागुराची पिल्लं मडक्यांतून आणली होती. काकाजी बरेच थकले होते. त्यांना पाळीवर खुर्ची टाकून दिली होती, वर कोणी तरी छत्री धरली होती. मला पाहून ओळखीचं हसले, कराराबद्दल काही विचारलं नाही.

तुळसाबाईनं पहिलं मडकं त्यांच्यापुढे आणलं. "भाऊ, तुम्ही सोडा."

काकाजींनी हात मागे घेतला. "माह्या हातानं नको, बाई. हा हात चांगला नाई."

तुळसाबाईनं मडकं खाली ठेवलं, त्यांचा हात मनगटाला धरला आणि सरळ मडक्यातल्या पाण्यात बुडवला. "धरून ठेवा तसाच. त्यायलेबी तुमची ओळख झाली पाह्यजे." बोटांभोवती पिल्लं सळसळली असावीत, कारण काकाजी दचकले आणि मग लहान मुलासारखे पाहत राहिले. थोड्या वेळानं दोघांनी मिळून मडकं पाण्यावर कलतं केलं.

लोक पांगले, पिल्लं दिसेनाशी झाली. ती जगली की नाही, हे मला अजून माहीत नाही. त्यानंतर माझं चामोर्शीला जाणं झालं नाही, आणि काकाजीही फार काळ राहिले नाहीत. पण त्या दुपारी काकू घरी चला म्हणून हाका मारत होत्या तरी ते उठले नाहीत. ओला हात धोतराला न पुसता मांडीवर तसाच उपडा ठेवून, तलावाकडे बघत बसले होते.