पायाने पुसलेली वाट

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा बहुसंख्य सज्जनांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की आज सकाळी स्मृति नगरच्या चौकात, एका दुचाकी दुरुस्तीच्या दुकानासमोर, जळक्या ऑईलचा अख्खा डबा लवंडला. जीवितहानी नाही. एका कुत्र्याचे मागचे दोन पाय काळे झाले, एवढंच. दुकानदाराने शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू आणून त्यावर ओतली, चपलेने ती सारखी केली, आणि तो वास उठला. मी मेथीच्या दोन जुड्या हातात घेऊन तिथेच खिळलो. लोकांना वाटलं असेल, हा गृहस्थ सांडलेल्या तेलाचं दुःख करतो आहे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एक माणूस उभा होता, आणि त्याच्या पायाशी एक पांढरा चेंडू.

जगात इतरत्र गोल्फला म्हणे गवताचा वास येतो. आमच्या भिलाईत तो जळक्या ऑईलचा येतो. टाऊनशिपच्या कडेला साहेबलोकांचं जुनं मैदान आहे. तिथे भोकाभोवती मखमली हिरवळ कधीच नव्हती. एप्रिल-मेच्या उन्हात ती जगवायला पाणी कुठलं? म्हणून बारीक वाळूत ऑईल कालवून, ती दाबून बसवून, तपकिरी गोल अंगणं केलेली. त्यांना सगळे ब्राउन म्हणत. या वाळूवर प्रत्येक पावलाचा ठसा उमटतो, आणि ठशात चेंडू अडखळतो. त्यामुळे तिथली रीतच अशी की शेवटचा हलका फटका मारण्याआधी लांब दांड्याचा लाकडी पाटा ओढून चेंडूपासून भोकापर्यंतची वाट सारखी करून घ्यायची. पाटा लांब पडला असेल तर बुटाच्या तळव्याने. त्यात लबाडी काही नाही. उलट न पुसता खेळणारा माणूस अडाणी ठरतो.

हे ऑईल वाळूत कालवायच्या कामावरच माझा मित्र मैदानावर लागला. आमच्या दोन क्वार्टरांमध्ये एकच भिंत होती. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की आमच्याकडे ताटं मांडली जात. त्याचे बाबा भंडाऱ्याकडून आलेले, पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या भट्टीवर आयुष्य भाजून काढलेले. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्याखाली मुलाचं आयटीआयचं प्रमाणपत्र काच लावून. त्याला कारखान्यात ट्रेनिंगचं बोलावणं आलं, तोवर कुण्या साहेबाने सहज हातात दिलेल्या काठीने त्याने असा काही चेंडू उडवला होता की साहेब आपली टोपी शोधत बसले. पोरगा बोलावण्याला गेलाच नाही. बाबांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी बोलणं बंद केलं. दोन खोल्यांच्या घरात, समोरासमोर जेवायला बसून, बाप आपल्या बायकोला म्हणायचा, "त्याले विचार, भाजी पाह्यजे का." आणि ती माउली तीन फुटांवरच्या मुलाला तो निरोप पोचवायची. मी त्या घरात हसू दाबून पुष्कळ वेळा जेवलो आहे.

चेंडू लांब मारता येणं वेगळं आणि त्यावर पोट भरणं वेगळं. देशभरच्या मोठ्या सामन्यांत खेळायचं तर दरवर्षी एक चाचणी असते. चार दिवस खेळायचं, वरच्या ठरावीक खेळाडूंना वर्षाचं कार्ड मिळतं. कार्ड असेल तर तुम्ही व्यावसायिक खेळाडू. नसेल तर साहेबांच्या मुलांना काठी धरायला शिकवणारे एक भाऊ. तो तीनदा गेला. पहिल्यांदा तापाने फणफणला, दुसऱ्यांदा पार तळाला राहिला, तिसऱ्यांदा थोडक्यात हुकला. दरवेळी दुर्ग स्टेशनवर उतरल्यावर तो मधल्या गल्लीने घरी यायचा, म्हणजे विहारासमोर बसलेल्या मंडळींनी "काय झालं बा?" विचारू नये. चौथ्या वेळेआधी त्याने आईला सांगून टाकलं की ही शेवटची. नाही जमलं तर उतईच्या राईस मिलमध्ये मामाच्या ओळखीने पोती मोजायला बसेन. ते वर्ष त्याने कसं काढलं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. रोज पहाटे गच्चीवर चेंडू आडव्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात जायचा. टण्ण. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा टण्ण. त्या मधल्या शांततेत हुकलेले चेंडू असायचे, आणि अंथरुणात पडून तेही मोजणारे त्याचे बाबा.

ऐन वेळी त्याची बॅग उचलणारा गडी आजारी पडला आणि ही ऐतिहासिक जबाबदारी माझ्या खांद्यावर आली. मी कॅज्युअल लीव्ह टाकली आणि हावड्याच्या गाडीत त्याच्याबरोबर चढलो. गोल्फमधलं मला एवढंच कळायचं की चेंडू मारल्यावर त्याच्यामागे धावायचं नसतं. पण त्या मोठ्या शहरातल्या हिरव्यागार मैदानावर पाऊल ठेवलं आणि माझ्यापेक्षा तोच जास्त बावचळला. आमच्या मैदानावर नेम कारखान्याच्या चिमण्यांवर धरतात; दुसऱ्या चिमणीच्या डावीकडे, तिसरीच्या पोटात, अशा खुणा. इथे चहूकडे नुसती झाडं. पहिल्या सकाळी तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अबे, इथं चिमणी कुठं हाये?" मी गंभीरपणे आग्नेयेकडचं एक चिंचेचं झाड दाखवून म्हटलं, हीच आपली तिसरी चिमणी. तो हसला. त्या चार दिवसांत तेवढंच एकदा.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटच्या भोकाशी हिशेब अगदी सोपा होऊन बसला होता. चार फुटांवरून चेंडू आत गेला तर कार्ड, कसंबसं, अगदी उंबरठ्यावर, पण कार्ड. बरोबरचे दोघे खेळाडू पलीकडे आपापल्या चेंडूंमागे वाकून उतार न्याहाळत होते. मी झेंडा धरून उभा. त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजून काळी झालेली. त्याने चेंडू ठेवला, भोकाकडे पाहिलं, आणि मग, जसा आपण घरात शिरताना पाय पुसतो तसा, उजव्या बुटाचा तळवा चेंडूपासून भोकापर्यंत गवतावरून सावकाश ओढत नेला. वाट पुसली. गवतावर. जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं आणि जिथे ते करायला सक्त मनाई आहे. त्याचं त्यालाही कळलं नसावं. चेंडू सरळ गेला आणि आत पडला. मी झेंडा घेऊनच नाचलो.

कळलं ते पंचांच्या तंबूत. तिथे आपल्या फटक्यांचे आकडे तपासून कागदावर सही करायची असते. त्याने पेन टेकवलं आणि तो थांबला. टेबलाखाली त्याने आपला उजवा बूट पाहिला. मग माझ्याकडे. ज्याचे फटके कमी तो वर, आणि वाट पुसल्याची शिक्षा दोन जादा फटक्यांची, हे गाडीत त्यानेच मला शिकवलं होतं. आणि दोन फटके म्हणजे कार्ड गेलं. कुणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. मी डोळे मिटून, अगदी बारीक, मान हलवली. नको. ही गोष्ट मी आजवर शेकडो वेळा सांगितली आहे, लग्नाच्या पंगतीत, शिफ्टच्या बसमध्ये, पद्मनाभपूरच्या एका तेराव्यालासुद्धा. पण ती मान हलवल्याचं कधी सांगितलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतो आहे. तो उठून टेबलामागच्या म्हाताऱ्या पंचाला म्हणाला, "सर, मैंने लाइन पैर से साफ कर दी थी." पंचाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. किसी ने देखा, असं त्याने विचारलंही नाही. आकडा खोडून नवा लिहिला.

परतीच्या गाडीत तो काठ्यांची बॅग मांडीवर घेऊन दुर्ग येईपर्यंत ताठ बसून होता. या वेळी मधल्या गल्लीने गेला नाही, विहारासमोरूनच गेला, आणि कुणी काही विचारायच्या आत मी सगळी हकिगत सांगून टाकली होती. घरी बाबा दारातच उभे होते. आमच्या आधी बातमी पोचली होती, कशी ते मला विचारू नका. त्यांनी मुलाच्या बुटांकडे पाहिलं. मग आईकडे न वळता, सरळ त्यालाच म्हणाले, "हातपाय धू. जेवून घे." पाच वर्षांनी.

त्या वाक्यावर मी माझी गोष्ट नेहमी संपवतो. श्रोते डोळे पुसतात. कार्ड गेलं पण बाप मिळाला, असा काहीसा समाधानाचा सुस्कारा निघतो आणि मला चहा मिळतो. खरं सांगायचं तर बाप पुढे दोनच हिवाळे राहिला. उतईची पोती याने सात वर्षं मोजली. मग साहेबांनी त्याला मैदानावर परत बोलावलं, शिकवायला. चाचणीला तो पुन्हा कधी गेला नाही. आता त्याचे केस पिकले आहेत, डावा गुडघा दुखतो. इतकी वर्षं तोच पाटा, तीच वाळू. रोज संध्याकाळी सगळे ठसे पुसले जातात आणि सकाळी पुन्हा उमटतात. पुसून खरंच काही जात असतं का, हे मला कळलेलं नाही.

आज मेथी घरी टाकली आणि तो वास नाकात घेऊनच मी मैदानावर गेलो. कॅन्टीनच्या बाकावर नागपूरकडचे दोन नवे इंजिनिअर बसले होते, तोही होता, पाटा भिंतीला टेकवून. नवे कान दिसल्यावर मी काय करणार? सगळी गोष्ट सांगितली, चिमणी, चिंच, बूट, तंबू. पंचाचा चष्मा तर मी आज फारच सुंदर पुसला. मान हलवल्याचं अर्थातच गाळलं. पोरं भारावली. त्यातला एक त्याच्याकडे वळून म्हणाला, काका, तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस आजकाल मिळत नाही. इतकी वर्षं माझी ही गोष्ट तो शेजारी बसून मुकाट ऐकत आला आहे. आजही चहाचा पेला तोंडाला लावलेला होता. तो त्याने खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम बोलून गेला,

"अबे, तू पाह्यलं होतं म्हणून सांगतलं मी. तुह्या पोटात कधी काही राह्यलं का?"