जिनिंगच्या भिंतीवर ममता राठोड

घाटंजीच्या नागोराव पेंटरांनी तीस वर्षांत जेवढे चेहरे रंगवले, ते सगळे एकाच डब्यातून. पांढरा, त्यात पिवळा, वर चमचाभर लाल. देव असो, पुढारी असो की साबणवाली बाई, कातडी गुलाबी. एकदा हौसेनं बायकोचंही चित्र काढलं. सत्यभामाबाईंनी ते भिंतीवर लावलं खरं, पण आल्यागेल्याला सांगत, "हे कोण होय, ते त्यायलेच विचारा."

माणूस मात्र गुणी. अक्षर असं, की न वाचता येणाराही थांबून बघे. पण २००५ च्या सुमारास कापूस बसला आणि त्याच्यामागे बाजारही. नवं दुकान कोणी उघडेना, मग पाट्या कोण रंगवणार? बियाण्याच्या कंपन्या तेवढ्या भिंती रंगवून घेत. शेतात बोंडं गळत होती आणि भिंतीवरची बोंडं भोपळ्याएवढी होत होती. मला हे कधी पटलं नाही. पण नागोरावांची चूल त्याच भिंतींवर पेटत होती, तेव्हा मी गप्प.

त्या वर्षी अशाच एका कंपनीनं घाटंजीत कबड्डीचे सामने ठेवले. मानधन घेऊन खेळणारे संघ, आणि पहिल्यांदाच बायकांचेही. जाहिरातीच्या बारा भिंती नागोरावांना मिळाल्या. सोबत नमुन्याचा छापील कागद: मोकळे केस, लांब नखं, दुधासारखी गोरी पोरगी कमरेवर हात ठेवून हसतेय.

मी कॉलेजात खेळ शिकवत असे, म्हणून नागोराव तो कागद घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, हे पोरगी चढाईले गेली तं केसाले धरूनच पाडतीन न तिले?"

"कागद ठेवा बाजूला," मी म्हटलं. "ममताला बोलावते."

ममता राठोड माझी विद्यार्थिनी, जवळच्या तांड्यावरची. काळी, ठेंगणी, पाय खांबासारखे. याच सामन्यांत नागपूरच्या संघाकडून खेळणार होती. बारांतली पहिली भिंत जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची. तिच्यापुढे ममता वाकून उभी राहिली, एक पाय मागे, हात पुढे, 'कबड्डी' म्हणताना उघडतं तसं तोंड उघडं. दुपारपर्यंत नागोरावांनी अंग भरत आणलं. तिनं वळून पाहिलं.

"काका, हे कोण होय?"

"तूच व."

"मी? मंग एवढी पावडर कायले लावली मले?"

चहाच्या टपरीवरचे खदखदले. नागोराव नाही हसले. स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. तो तर तिच्याहून काळा.

"हात बसला व पोरी. डबा उघडला का हाच रंग निघते."

मग नवा डबा घेतला. तांबडा, काळा, जरासा पिवळा. ब्रशच्या टोकानं तिच्या मनगटावर ठिपका. दिसला. आणखी काळा घातला, पुन्हा ठिपका. दिसला. सहाव्या वेळी ठिपका शोधून सापडेना. "जमलं," म्हणाले आणि सगळं अंग पुन्हा रंगवायला घेतलं.

संध्याकाळी कंपनीचा प्रफुल्ल मोटारसायकलवर आला. पुसदचा पोरगा, सावळाच.

"काका, हे काय? साहेबानं गोरी दिलती न!"

"साहेबाची गोरी खेळून राह्यली का?" ममता म्हणाली.

"ताई, तुमच्याबद्दल नाही काही. जाहिरात आहे, पाहाले बरं वाटलं पायजे."

"मैदानावर लोक मलेच पाहाले येतीन न? मंग भिंतीवर काय तरास होते त्यायले?"

प्रफुल्लनं नागोरावांना सरळ सांगितलं. रंग बदला, नाहीतर उरलेल्या अकरा भिंती यवतमाळच्या पेंटरला. माझ्या ओठांवर 'बदलू नका' आलं होतं. पण भिंती माझ्या जाणार नव्हत्या.

नागोरावांनी जुन्या डब्यात ब्रश बुडवला, प्रफुल्लचं मनगट धरलं आणि ठिपका ठेवला. दह्याचा शिंतोडा उडाल्यासारखा दिसला.

"पाह्य बाप्पा. तुह्या तरी अंगावर बसते का? इकडं कोणाच्याच अंगाचा नाही हा रंग. मी उगाच लावत आलो."

प्रफुल्लनं रुमालानं मनगट पुसलं. "मले पटते, काका. साहेबाले नाही पटत." आणि अकरा भिंती घेऊन तो गेला. सामने दहा दिवसांवर आले होते, झालेली भिंत पुन्हा रंगवायला वेळ नव्हता, म्हणून ही एक तेवढी वाचली.

दुसऱ्या दिवशी बाजाराला ममताची आई मानीबाई आली, तांड्यावरच्या चार बायांना घेऊन. बराच वेळ बघत राहिली. नागोराव निकाल लागायचा असल्यासारखे उभे.

"रंग बराबर आहे," मानीबाई म्हणाली. "पण हा दात कोणाचा?"

"कोणता?"

"वरचा, डावीकडचा. मांगच्या साली खेळतानी पडला न तो. हे माही पोरगी आहे का तिची बहीण?"

ममतानं तोंडावर हात धरला. "राहू दे न याडी! दात तं राहू दे!"

याडी म्हणजे आई, पण या याडीला दया नव्हती. "तोंड कायले झाकते व? चोरी केली का?"

नागोराव ममताकडे वळले. "तू सांग. भिंत तुही आहे."

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग हात खाली घेतला.

"काढा."

नागोराव शिडी चढले, ममतानं खालून शिडी धरली. त्यांनी काळ्या रंगाचा एक बारीक फटकारा मारला.

"अजून," खालून मानीबाई ओरडली. "अर्धा राह्यला."