टाकेमावशी आणि सातवी नस

टाकेमावशींना किळस यायची ती रोज सकाळी बरोब्बर साडेनवाला. त्या वेळी खाटिकखान्यातून बर्फाची बादली यायची आणि तिच्यात बकऱ्यांच्या धमन्या असायच्या. पांढुरक्या, बुळबुळीत, बोटांतून सुळकन निसटणाऱ्या. मावशी नाकाखाली बाम चोपडत, तोंड वाकडं करत आणि त्याच वाकड्या तोंडानं असे टाके घालत की बघणाऱ्यानं बघतच राहावं. बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात इलॅस्टिक शिवलेला हात तो!

आता या प्रयोगशाळेत त्या नसेला कापडी नळी जोडायच्या. माणसाच्या मांडीतली नस तुंबली की सर्जन अशीच नळी शिवतात. ती टिकेल का, हे आधी इथं बघायचं. पंप मिनिटाला बहात्तर ठोके देत मिठाचं पाणी ढकलायचा आणि जोड गळतो का, यावर मावशींचा डोळा.

घरी सासूबाई दारातच नाक मुरडायच्या. "आधी न्हाणीत जा. तुझ्यापेक्षा खाटीक बरा बाई, तो नुसता कापतो. तू परत शिवतेस!"

त्या दिवशी सातवी नस गळू लागली. मावशींनी भिंगातून पाहिलं. दोरा ठणठणीत, गाठी जागच्या जागी. पण नसेच्या बाजूची भोकं काजासारखी लांबून फाटली होती.

प्रयोगशाळेचे साहेब आले. यंत्रशास्त्रातले डॉक्टर, उभ्या जन्मात नसेला बोट लावलेलं नाही. बादली दिसली की खिडकीबाहेरचं हवामान बघणार. त्यांनी लांबूनच निकाल दिला आणि नोंदीच्या कागदावर लिहिलंसुद्धा: 'हाताची चूक. नमुना बाद.'

"बाकीचे सहा पास आहेत, मावशी. सही करा. पुढच्या आठवड्यात नळी माणसांना लावायला मोकळी."

मावशींना किळस आली. इतक्या वर्षांत बादलीची आली नव्हती, तेवढी 'हाताची चूक' या दोन शब्दांची आली.

"साहेब, हातमोजे घाला."

"मी? कशाला?"

"चूक हाताची ना? मग तुमचाही हात लागू दे."

शेजारच्या पंपावर आठवा नमुना धडधडत होता. "एक बोट नसेवर, एक नळीवर. डोळे मिटले तरी चालेल."

साहेबांनी ते आधीच मिटले होते. "नस... फुगतेय. नळी नाही फुगत."

"ती कसली फुगतेय, मेली! ताठ उभी. दर ठोक्याला नस पसरायला बघते, ही बया हलत नाही. ओढाताण सगळी मधल्या टाक्यावर. दोरा पक्का, मग फाटणार कोण? स्वेटरला पत्रा शिवून बघा घरी."

"पण सहा पास..."

"सहा अजून फाटले नाहीत, एवढंच. माणसाच्या मांडीत गळकं झेलायला बादली ठेवता येत नाही, साहेब."

साहेब पांढरे पडले आणि मोज्यांसकट बेसिनकडे धावले. बराच वेळ नळ वाहत होता. परत आले ते थेट कागदाकडे. कागदावरचे आधीचे शब्द खोडले आणि लिहिलं: 'टाके शाबूत. नस फाटली. नळी फार ताठ. सहाही नमुने पुन्हा पंपावर.' मग पेन मावशींपुढे धरला.

पेनाला बुळबुळीत काहीतरी चिकटलं होतं.

"शी! मोजे काढून तरी लिहायचं होतंत!" मावशींनी स्वतःचा पेन काढला आणि ठसठशीत सही केली.