पारुबाईच्या बलिया

सेनगावच्या अलीकडच्या तांड्यात पारुबाईचं तोंड कुणी बंद पाहिलं असेल, तर त्यानं पुढं येऊन सांगावं. झोपेतसुद्धा ती कुणाच्या तरी सुनेचा उद्धार करते, असं तिचा नवरा गुलाबसिंगच सांगतो. म्हणून तर सरकारी दवाखान्याच्या सिस्टरनं बायकांचा विणकाम गट काढला, तेव्हा पुढारीण म्हणून हिलाच धरलं. गट विणायचा लोकरीचे गोल गोल स्तन. आत कापूस, आणि कापसात कुठंतरी दडवलेला चिंचोका. बाजाराच्या दिवशी बायकांनी ते चाचपायचे. चिंचोका बोटाला लागला की छातीतली गाठ कशी लागते ते कळायचं. तांड्यानं त्यांना नाव ठेवलं, 'पारुबाईचे लाडू'.

"दाब गं, लाजती काहून? तुझ्या नवऱ्याला सांगत न्हाई!" असं म्हणून ती भल्याभल्या लाजाळूंना हसवायची.

आणि हीच पारुबाई दिवाळीपासून स्वतःची गाठ ओढणीखाली झाकून बसली होती. चिंचोक्याएवढी होती, लिंबाएवढी झाली. मग काखेतही आली.

भीती सुईची नव्हती, सुरीचीही नव्हती. भीती बलियांची होती. कोपराच्या वर दंडभर घातलेल्या त्या पांढऱ्या बांगड्या; नवरा जिता असेतोवर त्या उतरत नाहीत, उतरतात त्या त्याच्या तिरडीपाशी. आणि तपासणीला तर दंड मोकळा लागतो. गुलाबसिंग हिंगोलीच्या रस्त्यावर जीप चालवतो, टपावरसुद्धा माणसं बसवून. इकडं बलिया उतरल्या अन् तिकडं जीप पुलाखाली गेली तर?

असं होतं, हे तांड्याला शिकवलं कुणी? पारुबाईनंच! तिची धाकटी जाऊ नीलाबाई पडली, दंड मोडला, प्लास्टरसाठी बलिया कापाव्या लागल्या. त्याच पावसाळ्यात तिचा नवरा देविदास शेतात साप चावून गेला. "बलिया उतरवल्या अन् नवरा खाल्ला," हे पारुबाईनं हापशापासून किराणा दुकानापर्यंत पोचवलं. तेव्हापासून नीलाबाई गटातही कोपरा धरून, मान खाली घालून विणते. आता तेच बोलणं पारुबाईच्या मानगुटीवर बसलं होतं.

भांडं फुटलं ते बिलकीसमुळं. बिलकीस बाजारात बांगड्या विकते, गटाची लोकरही तीच आणते. पारुबाई तिच्याकडं मोठ्या मापाच्या बलिया मागायला गेली. जुनी एक उतरवायची की लगेच नवी चढवायची, दंड उघडा पडू द्यायचा नाही, अशी रीत. पण थोड्याच दिवसांत ती परत आली, आणखी मोठ्या मागायला.

"फक्त उजव्याच हाताला?" बिलकीस म्हणाली. "डावा काय रोजे करून राहिला?"

"वजन वाढलं माझं."

बिलकीसनं दंड अंगठ्यानं दाबला. खड्डा पडला, तो भरून येईना. "नागनाथाची आन आहे तुला. खरं सांग."

पारुबाईनं तिचा हात धरून ओढणीखाली गाठीवर नेला. मग ती बांगड्यांच्या ढिगापुढंच ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी बिलकीस दंडात रुतलेल्या बलिया कापायला करवतीचं पातं घेऊन घरी आली. गुलाबसिंग बाजेवर बसला होता, सगळं ऐकून तोंड उतरलेलं.

"जीप बंद ठेवतो," तो म्हणाला. "घरातच बसतो. पण कापू दे."

"घरात बसूनबी माणूस मरतंय!"

बिलकीसनं पातं टेकवलं की पारुबाई हात ओढून घ्यायची. टेकवलं की ओढायची. शेवटी दारातून नीलाबाई आत आली आणि तिनं तो सुजलेला हात धरला.

"तू नको!" पारुबाई किंचाळली. "तू न्हाई!"

"अक्का, माझ्या कापल्या तवा ते जितेच होते. त्यांनीच माझा हात धरला होता. सापाला बलिया दिसत न्हाईत. हे तुमाला तवाबी ठाऊक होतं."

पारुबाईनं मान खाली घातली. हात मात्र मागं घेतला नाही. पातं चालू झालं. तिची नजर नवऱ्यावरून हलेना.

"डोळे काहून मिटले तुमी?"

"भुगा उडाला गं!"

"मिटू नका!"

हिंगोलीला डॉक्टरीणबाईंनी काख चाचपली आणि गाठीचं माप कागदावर लिहिलं. मग म्हणाल्या, "पसरलंय, मावशी. फार आधी यायला पाहिजे होतं. आता सुई घालून तुकडा काढू, मग नांदेडला जावं लागेल." आपण जगू का, हे पारुबाईनं विचारलंच नाही. बाहेर येऊन सोबत आलेल्या नीलाबाईजवळ बाकावर बसली. डावा दंड ओढणीखाली होता; पलीकडच्या एका बाईनं तिच्या उजव्या दंडावरचे पांढुरके वळ पाहिले आणि हळूच विचारलं, "कधी गेले वो मालक?"

"जिते हायत! गाडी लावायला गेलेत!"

पण गाडी लावायला इतका वेळ? "नीला, जा गं," ती म्हणाली, "बघ. हायत का बघ."

आतून तिथल्या सिस्टरनं सुईसाठी नाव पुकारलं. पारुबाई उठेना. परत पुकारलं. तिचा डोळा फाटकाकडं. फाटकात नीलाबाई दिसली, एकटीच. पारुबाईच्या घशातून कसलासा आवाज निघाला. तेवढ्यात नीलाबाईच्या मागून गुलाबसिंग आला, दोन्ही हातांत चहाचे कप, अर्धा चहा शर्टावर.

"कुठं मे—" एवढंच पारुबाईच्या तोंडून गेलं. पुढचं तिनं गिळलं, आणि ओढणी दंडावर न घेताच आत गेली.