आईने निवडलेला फोटो

बेल्जियमच्या किनाऱ्यावरच्या आमच्या ओस्टेंडमध्ये माणूस गेलं की आधी फोटो शोधतात, शवपेटीचं नंतर बघतात. चर्चमध्ये आलेले लोक रांगेने वेदीपर्यंत जातात आणि परतताना प्रत्येकाच्या हातात खिशात मावेल एवढं कार्ड पडतं. पुढे गेलेल्याचा फोटो, मागे नाव, तारखा आणि दोन ओळींची प्रार्थना. ही कार्डं कोणी टाकत नाही. माझ्या आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात तर इतकी मयत माणसं जमली होती की ते मिटायचंच नाही. तिने त्याला रबर लावून ठेवलं होतं.

आई, म्हणजे आलिदा, कोळंबी सोलायची. चाळीस वर्षं तेच केलं. बंदरावरून टोपली आली की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतायची, एकेक कोळंबी दोन बोटांत धरून पिळा द्यायची आणि साल बाजूला. हातांकडे बघायची तिला गरज नव्हती. डोळे खिडकीबाहेर आणि तोंडाचा पट्टा सुरू. समोर शेजारची मार्सेलामावशी असायची. दोघी मिळून अख्ख्या गल्लीची सालटी काढायच्या आणि इतक्या मोठ्याने हसायच्या की रस्त्यावरून जाणारे वळून बघायचे.

मला त्या हसण्याची लाज वाटायची आणि वासाची त्याहून जास्त. शाळेत मी आई शिवणकाम करते असं सांगत असे. पुढे शिकले, गेंट शहरात फ्रेंच शिकवू लागले, वकिलाशी लग्न केलं. आई आमच्याकडे यायची असली की आदल्या दिवशी मी फोन करून सांगायची, "हात लिंबाने धुऊन ये हं." ती दारातच दोन्ही हात माझ्या नाकापुढे धरायची. "घ्या बाईसाहेब, हुंगा. आत येऊ का?" आणि स्वतःच खो खो हसायची. मी काही हसायची नाही. कोणी ऐकत नाही ना, ते बघायची.

तिच्या कपाटात, चादरींच्या घडीखाली, एक पाकीट होतं. एकोणऐंशी वर्षांची झाली तेव्हा तिने ते माझ्यापुढे उघडलं. आत एकच फोटो. ती धक्क्याच्या पायरीवर बसलेली, अंगावर कळकट एप्रन, मांडीवर टोपली, तोंड पडजिभेपर्यंत उघडं आणि समोरचा एक दात गायब.

"माझ्या कार्डावर हा छापायचा. लक्षात ठेव, वेर्ले."

"आई, यात तुला दात नाहीये."

"तो लिव्हेन पोटात होता तेव्हा पडला. दात नसला म्हणून काय झालं? तुझा बाबा आहे ना यात."

"बाबा कुठाय?"

"मग मी कोणाकडे बघून हसतेय?" ती म्हणाली. "नावेच्या मालकाचा कॅमेरा मागून आणला होता त्याने. कितीतरी वेळ डोळा लावून बसला. मी ओरडले, 'अरे वेडोबा, झाकण तरी काढ!' तेव्हा कुठे काढलं आणि दाबलं बटण."

त्या फोटोनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात बाबाची नाव परत आली नाही. त्याने काढलेला तेवढा एकच फोटो.

मी "बरं" म्हणाले. पण माझ्या तोंडावर जे उमटलं असेल ते तिने पाहिलं असणार.

दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, ती गेली. माझा भाऊ लिव्हेन किनाऱ्यावरची ट्राम चालवतो. दोन दिवस तो रडत रडत तिची कपाटं उपसत होता. "ताई, ते पाकीट सापडलं का गं तुला? आई सारखी म्हणायची."

"नाही रे," मी म्हणाले. पाकीट माझ्या पर्समध्ये होतं.

छापखान्यात मी माझ्या लग्नातला आईचा फोटो दिला. मी निवडलेली जांभळी हॅट, माझ्या सासूचे मोती, आणि ओठ घट्ट मिटलेले, कारण तोंड उघडू नकोस असं मीच तिला बजावलं होतं. छापखानेवाल्याने सुरकुत्याही पुसून दिल्या. नवऱ्याच्या ऑफिसातले लोक येणार होते, त्यांच्या हातात ते बिनदाताचं तोंड द्यायचं कसं? मला तेवढीच काळजी होती. आई गेल्याची नव्हती, हे आज लिहितानाही मान खाली जाते.

चर्चमध्ये रांग परतत होती. एका म्हाताऱ्या मासेवाल्याने चष्मा वर करून कार्ड पाहिलं आणि लिव्हेनला विचारलं, "ही आलिदाची बहीण का रे?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

नंतर हॉलमध्ये कॉफी होती, चीज आणि हॅम घातलेले पाव होते. कोपऱ्यातल्या टेबलावर कोळंबी सोलणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्या मोठमोठ्याने हसत होत्या. मयताच्या दिवशी हे काय, म्हणून मी त्यांना गप्प करायला गेले, आणि जागीच थांबले. प्रत्येकीच्या कपाला टेकवून आई उभी होती. धक्क्याच्या पायरीवरची, दात नसलेली, अगदी कार्डाच्या मापाची.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

मार्सेलामावशीने पाव खाली ठेवला. "तुझ्या आईने करून घेतले, पोरी. तुला फोटो दाखवला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेली फोटोवाल्याकडे. घरोघर स्वतः वाटले. म्हणाली, 'वेर्ले हा छापायची नाही, तिला लाज वाटते. तिला कोणी बोलायचं नाही हं, पोर गुणाची आहे. पण तुमच्या पुस्तकांत मी तोंड मिटून पडून राहणार नाही.'"

लिव्हेन केव्हा मागे येऊन उभा राहिला, मला कळलंच नाही. मावशीने प्रार्थनेच्या पुस्तकातून एक फोटो काढून त्याला दिला. "हा तुझा. मागे नाव घालून ठेवलंय तिने." फोटो बघता बघता त्याला एकदम हसू आलं, अगदी आईसारखं.

मी हात पुढे केला. "आणि माझा?"

"तुझा नाही केला गं," मावशी म्हणाली. "आलिदा म्हणाली, वेर्लेला कशाला? मूळचा तिच्याकडेच असणार. छापणार नाही ती, पण टाकायचीही नाही."

लिव्हेनचं हसू थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मी घट्ट धरलेल्या पर्सकडे. त्या सगळ्यांसमोर मी पर्स उघडली.