दणक्याचा उशीर

लिफ्ट मजल्याच्या अर्धं बोट खाली थांबली तरी खांबाचं डोकं फिरायचं. बत्तीस वर्षं तो लिफ्टच दुरुस्त करत आला होता. इमारतीच्या अगदी वरच्या, मोटरच्या खोलीत बसून तो ब्रेक असा काही लावायचा की लिफ्टचा तळ आणि मजल्याची फरशी एका रेषेत यायची. मग खाली उतरून त्या फटीवर स्वतःचा बूट आडवा ठेवून बघायचा. बूट डगमगला की पुन्हा वर. तेही जिन्याने, कारण लिफ्ट बंद. असा माणूस गाण्यात मात्र उशिरा पोचतो, असं कुणी म्हटलं असतं तर त्याने त्याला वेड्यात काढलं असतं.

हो, गाण्यात. आठवड्यातून तीन संध्याकाळी हाच माणूस कानठळ्या बसवणाऱ्या एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. स्टेजवर बाकीचे उड्या मारत, केस होते तोवर केस उडवत. हा जमिनीत गाडल्यासारखा उभा. म्हणून खांब. गाणारा तो सरकार, कारण साधं पाणीसुद्धा तो हुकूम सोडल्यासारखं मागायचा. लीड गिटार वाजवणारा दिवसा लोकांचे दात काढायचा, तो डॉक्टर. आणि ड्रम्सवर दणका. त्याला दणका का म्हणत ते शेजारच्या तीन इमारतींना विचारावं.

अठ्ठावीस वर्षं हे चौघं एकत्र वाजवत होते. तीन अल्बम निघाले, त्यातला शेवटचा अकरा वर्षांपूर्वी. मग कुणाचे गुडघे, कुणाच्या मुलांच्या परीक्षा, सरकारचं रुसणं, असं करता करता दिवस गेले. शेवटी सगळ्यांना एकदाची उपरती झाली, चौथ्या अल्बमची नऊ गाणी बसवून झाली, आणि दणका एका सकाळी दाढी करता करता गेला. अर्ध्या गालावर साबणाचा फेस तसाच होता, असं वहिनी सांगायच्या. वहिनी म्हणजे दणक्याची बायको.

त्याला चौदा महिने झाले होते. खांबाची बायको पूर्वीच सोडून गेली होती, भांडण न करता, जे जास्त लागतं. मुलगी दूर असायची, रविवारी फोन करायची आणि 'जेवलात का' विचारून ठेवायची. पण खांबाला खरं एकटेपण आलं ते दणका गेल्यावर. गंमत म्हणजे दोघं आपसात फारसे बोलायचेच नाहीत. तालीम संपली की खोलीबाहेरच्या पायरीवर बसून चहा प्यायचा, समोरच्या रस्त्याकडे बघायचं, कप रिकामा झाला की उठायचं. अठ्ठावीस वर्षं हाच कार्यक्रम. आता खांब घरी एकटा बसून गप्प राहून बघायचा, पण ते काही जमत नव्हतं. गप्प बसायलाही शेजारी कुणी लागतं, हे त्याला या वयात कळलं.

आता गाण्यातल्या एका जागेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. यांच्या प्रत्येक गाण्यात ध्रुवपदाच्या आधी एक जागा यायची. गिटार थांबायची, सरकारचा आवाज थांबायचा, आणि मग ड्रम आणि बेस दोघांनी मिळून कोसळायचं. तिथे दणका किंचित रेंगाळायचा. अगदी किंचित, पापणी मिटून उघडावी इतकाच. खांब त्याच्यासाठी तेवढं थांबायचा आणि दोघं एकदम उतरायचे. पब्लिकला वाटायचं ही यांची स्टाइल. सरकारला मात्र ते कधीच खपलं नाही. "अरे, माझा श्वास संपतो तिथे! झोपतोस का रे?" असं तो दणक्याला भर स्टेजवर सुनवायचा. दणका हसून म्हणायचा, "वय झालं, सरकार." हे तो बाविसाव्या वर्षापासून म्हणत होता. खांब अशा वेळी मध्ये पडायचा नाही. मनातल्या मनात मोठेपणा घ्यायचा, की चालायचंच, आपला माणूस आहे, सांभाळून घेतोय आपण. त्या सांभाळून घेण्याचा त्याला अभिमान होता. आयुष्यात अभिमान वाटावा अशा त्याच्याकडे दोनच गोष्टी होत्या, एक ती आणि दुसऱ्या लिफ्ट.

तर सरकारने ठरवलं, अल्बम करायचाच. दणक्यासाठी करायचा. आठ दिवस स्टुडिओ घेतला. ड्रम्सला एका शाळेतली संगीताची बाई आली, पस्तिशीची, हात विजेसारखे, सगळ्यांना काका म्हणणारी. तिला सगळे 'नवी' म्हणू लागले. नवीला कानात टिकटिक लागायची, म्हणजे मशीनचा ठोका हेडफोनमध्ये वाजत राहतो आणि त्याला धरून वाजवायचं. तिने नऊच्या नऊ गाण्यांचे ड्रम्स दोन दिवसांत उरकले. नंतर डॉक्टर झाला, सरकार झाला. मग काचेपलीकडच्या खोलीत खांब एकटा उभा राहिला, कानात टिकटिक घेऊन.

आणि गाडी अडली.

"काका, इकडे या जरा," रेकॉर्डिस्ट म्हणाला. स्क्रीनवर दोन रेघा होत्या. "हा ड्रम. आणि हे तुम्ही."

मध्ये फट होती. लहानशी, पण होती. खांबाने सात टेक दिले. सातही वेळा, ध्रुवपदाच्या आधी, त्याच जागी, तेवढीच फट. दुसरं गाणं घेतलं, तिथेही तीच. लिफ्ट असती तर त्याने बूट ठेवून बघितलं असतं.

"तुझी चूक नाही रे," सरकार म्हणाला. त्याने खांद्यावर हात ठेवला तसा खांब सावध झाला, कारण सरकार प्रेमाने बोलायला लागला की काहीतरी काढून घेतो. "दणक्याने तुला बिघडवलंय. अठ्ठावीस वर्षांची सवय ती. उद्या दुपारपर्यंत बघू. नाहीच जमलं तर बेस डॉक्टर वाजवून टाकेल. स्टेजवर काय, तूच असणार."

डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. म्हणजे हे आधीच ठरलं होतं.

जाता जाता सरकारने कव्हरवरची ओळ वाचून दाखवली. ती तो चार दिवस घासत होता. "दणक्याला. तू कायम उशिरा आलास, आणि गेलास मात्र लवकर." डॉक्टरने डोळे पुसले. नवी म्हणाली, "काय सुंदर लिहिलंय!" खांबालाही ती आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वहिनींकडे गेला. डोक्यात एक हिशेबी कल्पना होती, मेकॅनिकला सुचावी तशीच. दणका घरी रबरी पॅडवर सराव करायचा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचा. ते ऐकायचं, तो नेमका किती रेंगाळतो ते मोजायचं, आणि तेवढं आपल्या हातातून वजा करायचं. बिघाड किती हे कळलं की दुरुस्ती होते.

वहिनींनी खोली तशीच ठेवली होती. पॅड, गोल स्टूल, खिडकीत सुकायला टाकलेला एक टॉवेल. बाकी घरात जास्त काही हललेलं दिसत नव्हतं. त्यांनी मोबाइल शोधून दिला आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या.

खांबाने स्वतःच्या मोबाइलवर टिकटिक लावली आणि दणक्याचा सराव ऐकला. ती जागा आली. ठोका बरोब्बर टिकटिकीवर पडला. त्याने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. एका जागीही केसाइतका फरक नव्हता.

"काहीतरी चुकलंय, वहिनी. तो इथे थांबायचा."

"घरी कशाला थांबतील हे, भाऊजी?"

"म्हणजे?"

वहिनींना आश्चर्यच वाटलं. "अहो, मी विचारलं होतं ना एकदा. म्हटलं, सरकारांची इतकी बोलणी खाता, तर एकदाचं नीट वाजवून का टाकत नाही? तर म्हणाले, अगं, तिथे खांब मागे राहतो. त्याला सोडून पुढे कसा जाऊ?"

खांब स्टुलावर बसला होता म्हणून बरं.

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"सांगितलं तर तो त्या जागी घाबरत घाबरत वाजवेल, असं म्हणायचे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. इतकी वर्षं त्या पायरीवर बसून तुम्ही दोघं बोलत तरी काय होतात?"

"काही नाही, वहिनी," खांब म्हणाला. "काहीच नाही."

वहिनींनी चहा टाकला. तो दोघांनी न बोलता घेतला, आणि त्या चौदा महिन्यांत पहिल्यांदा खांब कुणाच्या तरी शेजारी रडला. वहिनींनी त्याला रडू दिलं, समजूत वगैरे घातली नाही. निघताना मोबाइल त्याच्या हातात ठेवला.

स्टुडिओत सगळे जमले होते. खांबाने टेबलावर मोबाइल ठेवला आणि म्हणाला, "कव्हरवरची ओळ काढायची."

"का?" सरकार म्हणाला. "वेडा झालास का? अख्ख्या अल्बममध्ये तेवढीच एक गोष्ट मला मनासारखी जमलीय."

"उशीर त्याचा नव्हता. माझा होता. तो माझ्यासाठी थांबायचा."

"बरं, असेल. आता कुणाला फरक पडतो? ओळ चांगली आहे, राहू दे."

खांब सरकारशी कधी भांडला नव्हता. अठ्ठावीस वर्षं मुकाट्याने मागे उभा राहिला होता. आजही त्याला भांडता आलं नाही, त्याने फक्त मोबाइल सुरू केला आणि रेकॉर्डिस्टला टिकटिक लावायला सांगितली. दणक्याचे ठोके खोलीभर पडू लागले. ती जागा आली आणि गेली. सरकारने हातातला कागद आधी टेबलावर ठेवला, मग उलटा केला. पाचवं गाणं संपलं.

"मी त्याला शेवटच्या तालमीतही बोललो होतो रे," सरकार म्हणाला. "शेवटच्या." मग त्याने पेन घेतलं, आणि ओळीतलं फक्त 'दणक्याला' एवढंच ठेवलं.

थोड्या वेळाने नवी खांबाजवळ आली. "काका, टिकटिक बंद करू. आपण दोघं समोरासमोर बसून पुन्हा वाजवू सगळं. मला काही दोन दिवस जड नाहीत. त्या जागी मी थांबते तुमच्यासाठी."

चांगली बाई होती. मनापासून म्हणत होती. खांबाला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. पुन्हा तसंच खाली उतरावं, कुणाच्या तरी बरोबर. आता तर कुणी आपल्यासाठी थांबतंय हे माहीत असताना.

"नको गं," तो म्हणाला. "तो थांबायचा. पुरे झालं तेवढं."

तो काचेपलीकडे गेला, हेडफोन घातला, नेहमीसारखा गाडल्यासारखा उभा राहिला. टिकटिक सुरू झाली. गाणं ध्रुवपदाजवळ आलं, गिटार थांबली, सरकारचा आवाज थांबला. समोर दणका बसलाय, काठ्या वर धरून वाट बघतोय, हे खांबाला इतकं स्वच्छ दिसलं की त्याचं बोट तारेवर अडलं. पापणी मिटून उघडावी इतकाच वेळ हातात होता. आणि दणक्याला जे अठ्ठावीस वर्षांत एकदाही करवलं नाही, ते खांबाने केलं. तो त्याला तिथे सोडून पुढे गेला.